गप्प मुलांच्या कादंबऱ्या : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात पाच पत्रे अशी निघाली, की त्यांना एकाच बैठकीत उत्तर द्यावे असे मला वाटले. पाचही पत्रे नागपूरची आहेत आणि प्रत्येकात कुठे ना कुठे एक किशोरवयीन मूल आहे, जे वर्गात, घरात किंवा स्वतःच्याच मनात परके होऊन बसले आहे. मी नागपुरातील एका शाळेत २७ वर्षे ग्रंथपाल होते. ही उत्तरे त्या खुर्चीवर बसून जे पाहिले त्यावरून दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या शिक्षणासाठी आम्ही वणीहून नागपुरात राहायला आलो. शाळा, शिकवणी आणि घर एवढेच त्याचे जग आहे. मित्र एकही नाही. मध्यंतरी त्याने सीताबर्डीवरून ‘द आउटसायडर्स’ नावाची जुनी इंग्रजी कादंबरी आणली. मी ती चाळली, तर त्यात टोळ्या, सिगारेटी, मारामाऱ्या आणि एक खूनही आहे. त्याने ती तीनदा वाचली, म्हणून मी काळजीने ती कपाटात साड्यांखाली ठेवून दिली आहे. त्याने विचारले नाही, पण तो आता माझ्याशीही कमी बोलतो. मी चूक केली का?
— एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ताई, ते पुस्तक आज रात्रीच जिथे होते तिथे, काही न बोलता परत ठेवा. पुढचे सगळे त्यानंतर.

आता त्या पुस्तकाविषयी सांगते, कारण चाळताना आपल्याला जे दिसले ते त्यात आहेच, पण तुमचा मुलगा ते तीनदा वाचतो आहे ते त्यासाठी नसावे. ही कादंबरी १९६७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. लेखिका एस. ई. हिंटन ही ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरातली मुलगी. तिने लिहायला सुरुवात केली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, म्हणजे आज तुमचा मुलगा आहे तेवढीच, आणि पुस्तक छापून आले तेव्हा अठरा वर्षांची. मुलांच्या टोळ्यांविषयी एका मुलीने लिहिले आहे हे कळले तर समीक्षक पुस्तक गंभीरपणे घेणार नाहीत, या भीतीने प्रकाशकाने तिच्या नावाची केवळ आद्याक्षरे छापली. तिच्या स्वतःच्या शाळेत गरीब वस्तीतली मुले आणि श्रीमंत घरांतली मुले असे दोन तट होते. किशोरवयीन मुलांसाठी त्या काळी जी गोडगोड पुस्तके निघत, त्यांत हे वास्तव कुठेच नव्हते, म्हणून तिने ते लिहायला घेतले.

कथेचा नायक पोनीबॉय चौदा वर्षांचा आहे. आईवडील अपघातात गेलेले. घरात तीन भाऊ. थोरला भाऊ डॅरी विशीतला, त्याने कॉलेजचे स्वप्न सोडून मजुरी धरली आहे आणि धाकट्यावर तो सतत खेकसतो. डॅरीला आपण नकोसे झालो आहोत, असे पोनीबॉय धरून चालतो. एका रात्री डॅरीचा हात उगारला जातो, मुलगा घरातून पळतो आणि पुढचा सगळा अनर्थ तिथून सुरू होतो. खून होतो तो जीव वाचवण्याच्या धडपडीत होतो. त्यानंतर पोनीबॉय आणि त्याचा मित्र जॉनी हे दोघे एका ओसाड चर्चमध्ये लपून राहतात, आणि तिथे ही दोन तथाकथित गुंड मुले दिवसभर काय करतात? एक जाडजूड कादंबरी एकमेकांना वाचून दाखवतात आणि सकाळचे सोनेरी आकाश पाहून एकाला एक कविता आठवते. ते प्रकरण आपण स्वतः सावकाश वाचावे, अशी माझी विनंती आहे. डॅरीचा सगळा कडकपणा हा एका घाबरलेल्या माणसाचा कडकपणा होता, आणखी एक माणूस गमावण्याच्या भीतीचा, हे पोनीबॉयला इस्पितळात त्याला रडताना पाहून उमगते. तुमचा मुलगा हे तीन वेळा वाचतो आहे. साड्यांखाली पुस्तक लपवणाऱ्या आईबद्दलही त्याला त्यातून काही उमगत असेल, ही शक्यता तुम्ही मनात ठेवावी.

वणीहून नागपुरात येणे हे आपल्याला दोन-तीन तासांचे अंतर वाटते, पण तेराव्या वर्षी ते फार मोठे अंतर असते. तिथे त्याला गल्लीतले प्रत्येक घर नावाने ओळखत होते, इथे तो शिकवणीच्या वर्गातला एक बैठक क्रमांक आहे. ही अवस्था त्याला सांगता येत नाही, कारण ती सांगण्याचे शब्द अजून त्याच्यापाशी नाहीत. दूरच्या देशातला एक चौदा वर्षांचा मुलगा ते शब्द त्याला देतो आहे.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, म्हणजे मी आपल्याला दोष देत नाही हे पटेल. आमच्या शाळेत नववीतला एक मुलगा दुपारच्या सुट्टीत डबा न खाता वाचनालयात येई आणि खिडकीजवळच्या लोखंडी कपाटाला टेकून, उभ्याने, सुधारगृहातून सुटलेल्या एका मुलाची अनुवादित कादंबरी वाचत राही. तिच्यात शिव्या होत्या. एका पालकांनी तक्रार केली, आणि मी वाद नको म्हणून ते पुस्तक आतल्या कपाटात टाकले. मुलाने दोन दिवस फळीवर शोधले, मला विचारले नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून तो यायचा थांबला. वर्षअखेरीच्या मोजणीत ते पुस्तक हातात आले तेव्हा मी मागच्या खिशातले कार्ड काढून पाहिले. त्यावर जांभळ्या शाईच्या तारखांसमोर एकाखाली एक सात वेळा त्याचेच नाव होते, आणि शेवटची ओळ परतीच्या तारखेविना रिकामी होती, कारण पुस्तक त्याच्याकडून मीच आणवून घेतले होते. त्या मुलाला ते पुस्तक परत देण्याची संधी मला मिळाली नाही. तो दहावीला शाळेत नव्हता. आपला मुलगा मात्र पलीकडच्या खोलीत आहे.

पुस्तक परत ठेवल्यावर त्याला त्यावर प्रश्न विचारू नका. ‘तुला यातून काय शिकायला मिळाले’ हे तर कधीच नको; दिवसभर त्याची परीक्षाच चालू असते. वाटल्यास आठवड्याने, पोळ्या लाटता लाटता, ‘तो डॅरी मला आवडला बरं का,’ एवढेच म्हणावे आणि पुढे काही बोलू नये. तो बोलला तर ऐकावे. नाही बोलला तर आपण वाचले आहे, एवढे तरी त्याला कळलेले असेल.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. दुःखी पुस्तक वाचणे ही धोक्याची खूण नाही. झोप उडणे किंवा दिवसभर झोपून राहणे, जेवणावरची वासना जाणे, आवडीच्या वस्तू लोकांना देऊन टाकणे, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येणे या खुणा आहेत, मग हातात पुस्तक असो वा नसो. तसे दिसले तर थेट, शांतपणे विचारावे, ‘तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?’ असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो हा समज खरा नाही. शासनाची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

प्रश्न : शाळेच्या ग्रंथालय समितीवर मी पालक-प्रतिनिधी आहे. अलीकडे किशोरांसाठी म्हणून येणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांत आत्महत्या, अत्याचार, व्यसने हेच विषय असतात. असे वाचून मुले तशी वागू लागतात, हे सिद्ध झालेले नाही का? मग ही पुस्तके शाळेत ठेवण्याचा अट्टाहास कशासाठी?
— एक पालक, मनीषनगर

उत्तर : आपली शंका फार जुनी आहे आणि तिला मान दिला पाहिजे. गटे या जर्मन लेखकाची तरुण वेर्थरच्या दुःखाची कादंबरी १७७४ साली आली. तिचा नायक प्रेमभंगानंतर स्वतःवर गोळी झाडतो. ती वाचून तरुण त्याच्यासारखा निळा कोट आणि पिवळी बंडी घालू लागले, आणि त्याच्यासारखे मरतीलही या भयाने लाइपझिग शहराने पुढच्याच वर्षी पुस्तकावर आणि त्या पोशाखावरही बंदी घातली. दोनशे वर्षांनी, १९७४ साली, डेव्हिड फिलिप्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने वृत्तपत्रांत ठळकपणे छापलेल्या आत्महत्यांच्या बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात असे दाखवले आणि त्या परिणामाला वेर्थरचेच नाव दिले. तेव्हा आपण म्हणता त्यात तथ्य आहे. पण ते मुख्यतः बातम्यांबद्दलचे तथ्य आहे. कादंबऱ्यांबद्दलचा पुरावा तेवढा भक्कम नाही.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग समितीपुढे कोणी मांडत नाही, म्हणून तो इथे मांडते. २०१० साली व्हिएन्नातील संशोधकांनी वृत्तपत्रांतील मजकूर तपासला, तेव्हा आत्महत्येच्या विचारापर्यंत पोचून त्यातून सावरलेल्या माणसांविषयीच्या मजकुरानंतर आत्महत्यांचे प्रमाण घटल्याचे त्यांना आढळले. या परिणामाला त्यांनी मोझार्टच्या संगीतिकेतल्या पापागेनो या पक्षी पकडणाऱ्याचे नाव दिले. पापागेनो गळफास घ्यायला निघतो आणि त्याला तीन लहान मुले अडवतात. ती त्याला उपदेश करत नाहीत, त्याच्याजवळच्या घंटा वाजवून पाहा एवढी आठवण करून देतात.

पुस्तक निवडताना समितीने हाच भेद धरावा. विषय कोणता आहे हे पाहून निकाल देऊ नये. दुःख कसे हाताळले आहे ते पाहावे. मरण्याची रीत तपशिलाने सांगितली आहे का? मेलेल्या पात्राचा शेवटी विजय झाला, सगळ्यांना धडा मिळाला, असे दाखवले आहे का? तसे असेल तर ते पुस्तक मीही नाकारीन आणि नाकारलेही आहे. पण लॉरी हॅल्स अँडरसन यांची १९९९ सालची ‘स्पीक’ घ्या. नववीत आलेली मेलिंडा शाळेत कोणाशीही बोलत नाही. सुट्टीतल्या एका पार्टीत तिने पोलिसांना फोन केला, म्हणून सगळ्या मैत्रिणींनी तिला वाळीत टाकले आहे. फोन का केला हे तिला कोणी विचारलेलेच नाही. त्या रात्री एका मोठ्या मुलाने तिच्यावर अत्याचार केला होता. चित्रकलेचे शिक्षक तिला वर्षभरासाठी एकच विषय देतात, झाड, आणि तिचे झाड वर्षभर बिघडत राहते. ते काही विचारत नाहीत, फक्त झाड पुन्हा काढायला लावतात. पुस्तकाच्या शेवटी ती पहिल्यांदा त्यांच्यापाशी बोलते. हे पुस्तक अमेरिकेतल्या शाळांतून हटवण्याचे प्रयत्न वारंवार झाले आहेत. माझा प्रश्न असा आहे, की आपल्या शाळेतल्या एखाद्या मेलिंडाला बोलायचे असेल, तर तिला बोलता येते हे ती कुठे पाहील? अशी गोष्ट कळल्यास ती पोलिसांपर्यंत किंवा बाल पोलीस पथकापर्यंत पोचवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. कायदा आपण भिंतीवर लावतो, पण ते वाक्य तोंडातून निघायला मुलीला आधी कुठेतरी ऐकू आलेले असावे लागते.

प्रश्न : मी महाल भागातील एका मराठी शाळेत मराठी शिकवतो. माझ्या वर्गात एकटी पडलेली, चिडलेली, शाळा अर्धवट सोडण्याच्या काठावर असलेली मुले आहेत. इंग्रजी कादंबऱ्या त्यांना वाचता येणार नाहीत. या प्रकारचे मराठीत काय आहे?
— एक शिक्षक, महाल

उत्तर : सर, या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला सर्वांत अधिक वेळ लागला.

आपल्याकडे बालसाहित्य आहे, आणि चांगले आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे आणि कित्येक पिढ्यांना त्याने वाचायला लावले. मोठ्यांचे साहित्य तर आहेच. या दोहोंच्या मध्ये, तेरा ते अठरा या वयासाठी, त्याच वयाच्या तोंडून बोलणारी अडचणीतल्या मुलाची कादंबरी हा प्रवाह मराठीत स्वतंत्रपणे वाहिलाच नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते. जी पुस्तके आहेत ती मोठ्यांसाठी लिहिलेली आहेत आणि किशोरांनी ती आपली मानली आहेत. याचा कमीपणा मानण्याचे कारण नाही. जे. डी. सॅलिंजर यांचे १९५१ सालचे ‘द कॅचर इन द राय’ हेही मोठ्यांसाठीच लिहिलेले होते. मुलांनी ते हिसकावून घेतले.

त्या पुस्तकाशी ज्याची तुलना नेहमी होते, ते भालचंद्र नेमाडे यांचे ‘कोसला’ १९६३ मध्ये आले. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला जातो आणि हरून परततो. दोन्ही नायकांची बोलण्याची ढब, जगाचा उबग, शिक्षणसंस्थांशी न जमणे यांवर बरेच लिहिले गेले आहे. माझ्या मते त्यांना जोडणारी खरी गोष्ट वेगळी आहे. सॅलिंजर यांचा नायक होल्डन, त्याचा धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगाने गेला आहे आणि होल्डन त्याचा बेसबॉलचा हातमोजा जपून आहे, ज्यावर ॲलीने मैदानात कंटाळा येऊ नये म्हणून हिरव्या शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या. सांगवीकरची धाकटी बहीण मनी गेली आहे. ज्या मुलाला आपण तुसडा म्हणतो त्याच्या पोटात एक न रडलेले रडणे आहे, हे दोन्ही लेखकांनी ओळखले. आपल्या वर्गातल्या चिडक्या मुलांकडे पाहताना हे मनात असू द्यावे. पूर्ण ‘कोसला’ दहावीच्या मुलाला झेपणार नाही. मनीच्या मृत्यूचा भाग वर्गात मोठ्याने वाचून पाहा.

प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथा, म्हणजे १९९४ चा ‘वनवास’ आणि त्यापुढची ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’, या मी सर्वांत आधी देते. लंपन बंडखोर नाही. तो आईवडिलांपासून दूर, बेळगावकडच्या गावात आजी-आजोबांकडे वाढतो, आणि त्याच्या कानडी वळणाच्या मराठीत तो जे बघतो ते असे काही बघतो, की घरापासून तुटलेल्या मुलाला ते आपलेच वाटते. आपल्या वर्गात मामाकडे किंवा वसतिगृहात राहणारी मुले असतील, त्यांना द्या. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही आणीबाणीच्या काळातली नववीची गोष्ट आहे. ती मुले आपणहून वाचतात, तेव्हा तिच्याविषयी अधिक सांगायला नको.

यापुढे मी आत्मकथनांकडे वळते, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हिंटनच्या कादंबरीच्या नावाला मराठीत प्रतिशब्द शोधायला बसलो तर पहिला शब्द सुचतो तो ‘उपरे’. आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आलेले आहे. त्याला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. कैकाडी समाजातले बिऱ्हाड गाढवांवर संसार लादून गावोगाव फिरते, फोक कापून टोपल्या विणते, आणि बाप हट्टाने पोराला शाळेत घालतो. वर्गात त्याला कोण शेजारी बसू देईल, हा तिथला प्रश्न आहे. अमेरिकी कादंबरीतला मुलगा वस्तीमुळे आणि कपड्यांमुळे बाहेरचा ठरतो. इथला मुलगा जन्मामुळे ठरतो, आणि त्याला परत जाण्यासारखे एक गावही नसते. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ चे, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ चे. या पुस्तकांनी परक्या ठरवलेल्या मुलाला मराठीत प्रथम स्वतःच्या तोंडाने बोलू दिले. आपण ती अभ्यासक्रमात सामाजिक दस्तऐवज म्हणून शिकवतो, मुद्दे काढून देतो, आणि त्यामुळे आत एक बारा वर्षांचा मुलगा उपाशी पोटी शाळेच्या पायरीवर बसला आहे हे मुलांच्या नजरेतून निसटते. आपण मुद्दे बाजूला ठेवून तो मुलगा तेवढा वाचून दाखवावा.

पुस्तके मिळवण्यासाठी नागपूरकराला लांब जावे लागत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांच्या ओळी लागतात आणि आयुष्यात कधी दुकानात न शिरलेली माणसे तिथून पिशव्या भरून पुस्तके नेतात. वर्गातल्या चार मुलांना घेऊन जा आणि प्रत्येकाला एक पुस्तक स्वतः निवडू द्या. निवड चुकली तरी चालेल.

एक सूचना आणखी. असे पुस्तक एखाद्याच मुलाला, सगळ्यांसमोर, ‘हे खास तुझ्यासाठी’ म्हणून देऊ नये. त्या क्षणी तो वर्गात आणखी एकटा पडतो. पाच प्रती मेजावर ठेवून आपण खोलीबाहेर जावे.

प्रश्न : माझी नात आठवीत आहे. अशी पुस्तके कितव्या वर्षी द्यावीत?
— एक आजोबा, धरमपेठ

उत्तर : आजोबा, वयाचा आकडा सांगणे कठीण आहे, कारण एकाच इयत्तेतल्या दोन मुलींत तीन वर्षांचे अंतर असू शकते. आपण आधी वाचावे. आपल्याला जिथे थांबावेसे वाटले तिथे तिलाही थांबावेसे वाटेल असे समजावे, आणि ‘हे पान मलाही जड गेले’ हे तिला आधीच सांगून पुस्तक द्यावे. लंपनपासून सुरुवात करा. त्याची आजी आपल्यालाही आवडेल.

प्रश्न : मी दहावीत आहे. मला माझ्यासारख्या मुलांवर कादंबरी लिहायची आहे. पण मी लिहितो ते घरी बोलतो तसे येते, ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ असे. निबंधात तसे लिहिले तेव्हा बाईंनी वर्गात वाचून दाखवले आणि सगळे हसले. त्यानंतर मी लिहिलेले फाडून टाकले. शुद्ध भाषा आल्याशिवाय कादंबरी लिहिता येत नाही का?
— एक विद्यार्थी, नंदनवन

उत्तर : तुझे पत्र मी दोनदा वाचले, आणि वर्गात जे झाले त्याचे मला फार वाईट वाटले. कोणाची भाषा वर्गासमोर हसण्यासाठी वाचून दाखवू नये, ही मोठ्यांनी सांभाळायची गोष्ट होती. ती सांभाळली गेली नाही, यात तुझा दोष नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येऊ. उद्धव शेळके हे आपल्या वऱ्हाडातले लेखक. त्यांची ‘धग’ १९६० मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही तिचे नाव मराठीतल्या थोर कादंबऱ्यांत घेतले जाते. तिच्यातली कौतिक, तिचा नवरा, तिची मुले सगळी वऱ्हाडी बोलतात. तू ज्या शब्दांसाठी वर्गात हसू झेललेस त्याच घरातले ते शब्द आहेत. कौतिक ‘मला’ म्हणाली असती तर ती कौतिक राहिली नसती. ही कादंबरी शाळेच्या किंवा जवळच्या वाचनालयात माग, आणि संवाद मोठ्याने वाच.

तू भाषेला घाबरतो आहेस, पण अशा कादंबऱ्यांत सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची गोष्ट हीच असते. होल्डन ज्या शाळकरी, तुटक, पुन्हा पुन्हा तेच बोलणाऱ्या इंग्रजीत बोलतो, ती निबंधाची इंग्रजी नाही, आणि त्याच कारणाने ती सत्तर वर्षांनंतरही ताजी वाटते. नेमाड्यांच्या नायकाची मराठीही त्या काळच्या ललित मराठीसारखी नव्हती. निबंधाची प्रमाण भाषा तू जरूर शीक, ती परीक्षेला, अर्जाला आणि पुढे नोकरीला लागेल, आणि ती येणे ही ताकद आहे. पण कादंबरीत तुझा मुलगा मित्राला ‘काहून बे, कालपासून कुठं होता?’ असे विचारत असेल तर त्याला तसेच विचारू दे. कथनाची भाषा प्रमाण ठेवून बोलणे तेवढे घरचे ठेवणे हा एक रस्ता आहे. सगळेच त्या मुलाच्या तोंडून सांगणे हा दुसरा. पहिल्या दहा पानांत दोन्ही करून पाहा. ज्यात तुझा हात भरभर चालेल तो तुझा रस्ता.

आणखी एक करू नकोस. नायकावर दुःखांची रास घालू नकोस. बाप दारुडा, आई आजारी, मित्र मेला, घर गेले, असे सगळे एकाच पोरावर कोसळले की वाचणारा मागे सरतो. एकच गोष्ट घे, लहान असली तरी चालेल, आणि तिच्याजवळ बसून राहा. बाईंच्या हातात वही आहे, त्या वाचायला लागल्या आहेत, पहिला कोण हसला, तेव्हा तू कुठे बघत होतास, बाकावर काय कोरलेले होते, पंख्याचा आवाज येत होता का, घंटा व्हायला किती वेळ होता. त्या दोन मिनिटांवर चार पाने लिहिता आली तर तुला कादंबरी लिहिता येईल.

एक खरी गोष्ट तुला सांगायची राहिली. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथील एका शाळेच्या ग्रंथपालबाई आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १९८० मध्ये फ्रान्सिस फोर्ड कपोला या मोठ्या दिग्दर्शकाला पत्र लिहिले, की ‘द आउटसायडर्स’ ही आमची सर्वांत आवडती कादंबरी आहे, तिच्यावर चित्रपट काढा; पत्रासोबत मुलांच्या सह्या होत्या. १९८३ मध्ये तो चित्रपट आला. पंधराव्या वर्षी एका मुलीने वहीत जे खरडायला घेतले होते, ते तिला न ओळखणाऱ्या मुलांनी इतके आपले मानले होते. त्या कादंबरीच्या शेवटी पोनीबॉयला इंग्रजीच्या शिक्षकांकडे एक निबंध द्यायचा असतो, नाहीतर तो नापास होणार असतो. काय लिहावे हे त्याला बरेच दिवस सुचत नाही. अखेर तो पेन उचलतो आणि जे पहिले वाक्य लिहितो, ते आपण पुस्तकाच्या पहिल्या पानावर वाचलेलेच वाक्य असते.

फाडलेली पाने पुन्हा लिहून काढ. आठवेल तेवढी. ती मला या स्तंभाच्या पत्त्यावर पाठवलीस तर मी वाचीन, आणि ‘मले’ला हात लावणार नाही.